दोन्ही हातांचं यंत्र

४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तू ठीक आहेस, असं मी आजवर धरून चालत आलो. वहिनींच्या कार्डाने ते मोडीत काढलं. उन्हाळ्यापासून तुझा उजवा खांदा दुखतो आहे, डॉक्टरांनी कुऱ्हाड बंद करायला सांगितली, आणि त्यावर उपाय म्हणून तू डॉक्टरांकडे जाणं बंद केलंस, असं कळलं. अशा युक्तिवादाला न्यायशास्त्रात काय म्हणतात ते मी विसरलो. वहिनी त्याला हट्ट म्हणतात.

तर तुला लाकूड फोडायचं मशीन मी घेऊन देणार आहे. नको म्हणू नकोस. निदान पत्र पुरतं वाचून मग म्हण.

या आठवड्यात अवजारांच्या दुकानात चार खेपा झाल्या. दुकानदार आता मला लांबून बघितलं की फोन कानाला लावतो. तिसऱ्या मजल्यावर राहणारा, नळाच्या गरम पाण्याने आंघोळ करणारा संस्कृतचा मास्तर ओंडक्यांची चौकशी का करतो, हे त्याला उमगत नाही. परवा त्याने विचारलंच, की मास्तर, तुमच्याकडे फोडायला आहे तरी काय. मी म्हटलं, नववीचा वर्ग.

आतापर्यंत कळलं ते असं. एक हातपंपाचं असतं. त्याला खांदाच लागतो, तेव्हा ते बाद. एक पेट्रोलचं, त्याने ओंडका फुटेल, पण आवाजामुळे शेजारी तुला फोडतील. विजेवरची दोन आहेत, एक आडवं आणि एक उभं. त्यांच्यापुढे मी रोज उभा राहतो, मुलीसाठी स्थळ बघावं तसा.

तुझ्या ओंडक्यांची जाडी किती, लांबी किती, गाठी फार आहेत का, शेडमध्ये प्लग कुठे आहे, एवढं कळव. लहानपणी तो प्रकार होऊनही तू कुऱ्हाड सोडली नाहीस. मी मात्र तेव्हापासून तिला हात लावलेला नाही. याचं काहीतरी करायला हवं, असं बरीच वर्षं वाटतं आहे.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ चालू ठेव, कुऱ्हाड तेवढी बंद कर.

तुझा
पंडित


१३ सप्टेंबर

चि. पंडितास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मशीन नको. कुऱ्हाडीला प्लग लागत नाही. पण तू ऐकणार नाहीस हे दिसतंच आहे, म्हणून मापं देतो.

ओंडके चाळीस सेंटीमीटर लांब. जाडी पंचवीस ते तीस, चार-पाच मात्र पस्तीसचे, आणि तेच नेमके गाठाळ. गेल्या वर्षी कापलेलं लाकूड आहे, आतून अजून ओलं. ओलं लाकूड चिवट असतं, तुझ्यासारखं. प्लग शेडच्या दाराजवळ, पत्र्याखाली. किती टनांचं मशीन लागेल ते मला विचारू नकोस. वखारीच्या काट्यावर मी तीस वर्षं लाकूड तोललं, फोडलं फक्त घरी.

तुझ्या वहिनीने मशीनवर घालायला एक जुनी चादर काढून ठेवली आहे. हे स्वागत आहे की शेवटचा निरोप, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

तुझ्या सौ.स आशीर्वाद. पत्र लिहीत जा, मशीन नाही आलं तरी चालेल.

दादा


२७ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घेतलं! पुढच्या आठवड्यात ट्रान्सपोर्टवाला आणून देईल. दोन माणसांनी उतरवायचं, आणि त्या दोघांत तू नाहीस.

उभं, आठ टनांचं घेतलं. दुकानदाराने शेवटपर्यंत आडव्याचा आग्रह धरला होता. ते पायाने चालतं, पायपट्टी दाबली की पाचर पुढे येते. वर त्याने कौतुकाने सांगितलं की मास्तर, यात दोन्ही हात मोकळे राहतात. तिथेच मी ते बाद केलं. पाचर चालू असताना मोकळे राहिलेले हात काय करतात, हे मला कुणी शिकवायला नको.

उभ्याची गोष्ट वेगळी. त्याला दोन बाजूंना दोन हँडल आहेत. दोन्ही घट्ट धरून खाली दाबून ठेवली तरच पाचर खाली येते. एक जरी सुटलं तरी यंत्र जागच्या जागी थांबतं आणि पाचर वर जाते. ओंडका धरायला त्याचेच दोन लोखंडी पंजे आहेत. म्हणजे पाचरीखाली जायला तिसरा हात लागेल, आणि तो आपल्या घरात अजून कुणाला फुटलेला नाही. मी दुकानात वीस मिनिटं त्याला फसवायचा प्रयत्न केला. फसत नाही. दुकानदार म्हणाला, इतकं संशयी गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं.

खरं सांगतो, त्या रात्री मला शांत झोप लागली. कधी सुरू करतोस ते लगेच कळव.

वहिनींना नमस्कार. तुझा खांदा आणि माझ्यावरची माया, दोन्ही शाबूत राहोत.

तुझा
पंडित


२० ऑक्टोबर

चि. पंडितास,
अ. उ. आ.

मशीन पोचलं. उत्तम आहे. रंग लाल. आवाज अगदी कमी. शेडमध्ये कोपऱ्यात बसवलं आहे, जागा फार अडवत नाही. वखारीतले जुने लोक येऊन बघून गेले, सगळ्यांनी तुझ्या निवडीची तारीफ केली. तू आता निश्चिंत हो आणि पोरांना व्याकरण शिकव.

थंडी यंदा लवकर आली. शेगडी पेटवायला सुरुवात केली आहे. खांदा बरा आहे.

मशीनबद्दल पुन्हापुन्हा विचारू नकोस, त्याला दृष्ट लागेल. आठवण मात्र काढत जा.

दादा


३० ऑक्टोबर

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

हे पत्र यांना न विचारता लिहिते आहे. तुमच्या दादांनी तुम्हाला मशीनचा आवाज कमी आहे असं कळवलं. कमी असणारच. ते बंद असतं.

आलं त्या दिवशी यांनी हौसेने ओंडका चढवला. उजव्या हाताचं हँडल दाबलं. डाव्याचं दाबायला गेले तर पकड बसेना. अंगठा आणि शेवटची दोन बोटं, एवढ्यावर ते जड हँडल किती वेळ दाबून धरणार? पाचर अर्धी खाली यायची, हात सुटायचा, की वर जायची. तीन दिवस तेच. मनगटाने दाबून बघितलं, कोपराने बघितलं. मनगट काळंनिळं झालं तेव्हा चादर घातली. तेव्हापासून मी बाजारात गेले की हे कुऱ्हाड काढतात. मी परत येते तेव्हा ढलप्या गोळा करून हे शहाण्यासारखे पेपर वाचत असतात. खांदा आता इतका दुखतो की शर्ट मी घालून देते.

खरी काळजी पुढेच आहे. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, एका तारेचं काम आहे, डावं हँडल खाली ओढून बांधून टाकू, मग एका हाताने चालेल. यांनी हो म्हटलं. रविवारी तो येणार आहे. मग यांचा डावा हात मोकळाच राहील, आणि ओंडका तिरका झाला की हे तो सरळ करायला जाणार. मी यांना ओळखते. पोरवयात एकट्याने फोडायला गेले आणि दोन बोटं गमावून बसले. आता दुसऱ्यांदा नको.

रागाने विचारत नाही, पण तुम्हाला त्या हाताची कल्पना नव्हती का, भाऊजी? इतकं पारखून घेतलंत म्हणून विचारते.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. हे पत्र तुमच्यापाशीच राहू द्या, आणि रविवारच्या आत काहीतरी करा.

तुमची
वहिनी


३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर तार बांधू नकोस म्हणालो, तू बरं म्हणालास आणि फोन वहिनींकडे दिलास. फोनवर तू आयुष्यभर बरंच म्हणत आला आहेस, म्हणून त्या बरंवर माझा विश्वास नाही. वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी मला एक प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर तुलाच लिहितो. त्यांनीही वाचावं.

नाही, मला कल्पना नव्हती. पंचेचाळीस वर्षांत मी तुझ्या डाव्या हाताकडे पाहिलेलं नाही. जेवताना तुझ्या उजव्या बाजूला बसतो. फोटोत तुझ्या उजवीकडे उभा राहतो. तू बुटाची नाडी बांधायला लागलास की मला खिडकीबाहेर काहीतरी दिसतं. दोन बोटं नाहीत एवढं माहीत आहे. उरलेल्यांना काय जमतं आणि काय नाही, हे ज्याला सगळ्यात आधी माहीत असायला हवं त्यानेच कधी बघितलं नाही. आणि मी दुकानात वीस मिनिटं उभा राहून, दोन धडधाकट हातांनी, तुझ्यासाठी यंत्र पारखलं.

वहिनी, दादा एकटा फोडत नव्हता. तो ओंडका धरून बसला होता. कुऱ्हाड माझ्या हातात होती. मी नऊ वर्षांचा होतो, मीच हट्ट करून मागितली असणार, आणि घाव घालताना मी डोळे मिटले. दादाने हात शर्टात गुंडाळला आणि आधी काय केलं, तर माझं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. म्हणाला, तू मागच्या खोलीत देव शब्द चालवत होतास, काहीही झालं तरी चालवत होतास. आप्पा आले तेव्हा मी खरोखरच चालवत होतो, सगळ्या विभक्ती, न चुकता. आप्पा म्हणाले, हा तरी शहाणा निघाला. सुतारकामाच्या शाळेत तुझं नाव लागलं होतं, दादा. ते कापलं गेलं. तू जन्मभर लाकूड तोललंस, आणि मी त्या दिवसापासून मागच्या खोलीत बसून अभ्यासच करतो आहे. त्याबद्दल मला शाल आणि मानपत्रही मिळालं.

मी दुकानदाराशी बोललो आहे. तो उभं परत घेऊन पायपट्टीचं द्यायला तयार आहे. तोवर कुणी फोडणारा माणूस लाव. तार नको. एवढं एक माझं ऐक. आधीच्या वेळी मी तुझं ऐकलं होतं.

यापुढे लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा
धाकटा


१२ नोव्हेंबर

चि. पंडितास,
अ. उ. आ.

तार बांधलेली नाही. गॅरेजवाला आला होता, पण तुझ्या वहिनीने त्याची पक्कड कुठे ठेवली कुणास ठाऊक. तो अजून शोधतो आहे. शोधता शोधता त्याने दोन आठवड्यांचं सरपण आपल्या दोन्ही हातांनी मशीनवर फोडून दिलं. मशीन खरंच चांगलं आहे. आवाज मात्र बराच होतो.

तुझं पत्र या घरच्या रीतीप्रमाणे तिने आधी वाचलं. तिसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावताना तिने एवढंच विचारलं, की नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात कुऱ्हाड दिली कुणी.

तेच तुला सांगायचं आहे. तू मागितली नव्हतीस. तू तर भिऊन दाराआड उभा होतास. आप्पांनी तो ढीग मला फोडायला सांगितला होता आणि मला मित्रांबरोबर नदीवर पोहायला जायचं होतं. अर्धा तू फोड म्हणालो. तू नको म्हणालास. मी तुला भित्रा म्हटलं, सशाची नक्कल करून दाखवली, आणि कुऱ्हाड तुझ्या हातात दिली. तू डोळे मिटलेस ते मी पाहिलं. हात काढायला वेळ होता. काढला नाही. भित्रा कोण, हे तुला दाखवायचं होतं.

आप्पांनी मला एकच बजावलं होतं, की धाकट्याच्या हाती कुऱ्हाड द्यायची नाही. पुस्तक आणून दिलं ते तुला वाचवायला, असं तू समजत आलास. मी स्वतःला वाचवत होतो. तू माझ्या हाताकडे बघत नाहीस हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. ते मला सोयीचं होतं, कारण बघितलं असतंस तर कधीतरी विचारलं असतंस. तुझ्या मानपत्राच्या समारंभाला मी आलो नाही, ताप आला म्हणून कळवलं. ताप नव्हता.

मशीन बदलायचं नाही. हात मोकळे ठेवणारं यंत्र मलाही नको. तुझ्या शाळेला सुट्टी लागली की ये. दोन्ही हँडल तू धर. ओंडका ठेवून मी मागे सरेन, खुर्ची टाकून बसेन आणि तुला नावं ठेवीन. गाठाळ पाच ओंडके तुझ्यासाठी राखून ठेवले आहेत. डोळे उघडे ठेवायचे, एवढीच अट.

बस सकाळी सव्वानऊला येते. स्टँडवर गर्दी असते आणि तुझा चष्मा जुना आहे, म्हणून मी डावा हात वर करून उभा राहीन. त्याच्याकडे बघत ये.

दादा