गाऱ्हाणं मीच घालणार

२४ फेब्रुवारी १९३५, रविवार. लालबाग, गावकीची खोली.

ही वही आजपासून. कुणी वाचायची नाही. खोलीत आमच्या वाडीचे चौदा जण राहतात, त्यात वाचता येणारा मी एकटाच, म्हणून काळजी नाही. माझी मराठी दुसरी झाली आहे. तिसरी पण निम्मी.

घरून पत्र आलं, शाळामास्तरांच्या हातचं. बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, बोललेलं कुणाला समजत नाही. शिमग्याला सगळ्या वाडीच्या वतीने देवीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, हा मान आमच्या घराचा. आजोबा, मग बाबा. गावकीने ठरवलंय, होळीला येसाजीचा पोरगा चांगू (म्हणजे मी) उभा राहिला तर मान राहील. नाहीतर चुलतभाऊ पांडू घालेल, आणि मग मान त्याच्याच घरात, कायमचा.

पांडू! त्याला चार माणसांत पाणी मागता येत नाही.

होळी वीस मार्चला. चोवीस दिवस हातात. मला चार पुरे.

२५ फेब्रुवारी.

गाऱ्हाण्यात आधी शिवेवरच्या सात देवांची नावं घ्यायची, मग वाडीचं मागणं. सगळं पाठ आहे. तरी एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. उद्यापासून.

१ मार्च.

टाइमटेबल केलं. पहाटे पाच ते साडेपाच प्रॅक्टिस. पण पाचला नळावर गर्दी असते. साडेचार केलं.

२ मार्च.

साडेचारला जाग आली. गारठ्यात आवाज बसतो म्हणून उठलो नाही. आवाज जपणं ही पण प्रॅक्टिसच.

३ मार्च, रविवार.

तीन नावं लिहिली. खेम, काळकाई, वाघजाई. अक्षर फार सुंदर आलं. खाली दोन दोन रेघा मारल्या. चौथ्या नावाला शाई संपली.

५ मार्च.

शाई आणली. रंग आधीच्याशी जुळत नाही. एका कागदावर दोन रंग बरे दिसत नाहीत.

७ मार्च.

भिकूकाका खोलीतले सगळ्यात जुने. जेवण, भांडण, सगळं तेच बघतात. म्हणाले, चांग्या, एकदा म्हणून तरी दाखव रे, आम्ही बसल्या जागी व्हय म्हाराजा म्हणतो. (गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला सगळ्यांनी तसं म्हणायचं असतं.) मी सांगितलं, देवीचं गाऱ्हाणं असं रॉकेलच्या वासात म्हणत नाहीत. काका म्हणाले, मग देवळातला कंदील काय अत्तरावर जळतो? सगळे हसले. अडाणी लोक.

८ मार्च.

कालपासून एक गोष्ट डोक्यात येते म्हणून लिहितो. महत्त्वाची नाही.

मी आठ वर्षांचा होतो. बाबांनी मला सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या दगडी चौथऱ्यावर, उभं केलं. म्हणाले, नावं घे. तीन घेतली. चौथं येईना. ढोल थांबलेला. सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उडी टाकून पळालो. त्या साली आमची कपिली गाय कड्यावरून पडून मेली. पांडूची आई ठमाकाकी म्हणाली होती, पोरानं सोमजाईला गाळलं, दुसरं काय!

मी असल्या गोष्टी मानत नाही. आमच्या गिरणीत विजेचे दिवे आहेत.

१० मार्च, रविवार.

रजा मागायची राहिली. काल आमचा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, चिडलेला होता.

११ मार्च.

आज जॉबर हसत होता. हसणाऱ्या माणसाकडे रजा मागू नये, थट्टेवारी जाते.

१३ मार्च.

विचार केला. माझ्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, दुसऱ्या कुणाचा हात चालणार नाही, तेव्हा रजा मिळणं कठीणच. नाही मिळाली तर त्यात माझा दोष नाही. गावकीला तसं कळवावं लागेल. पत्र लिहून ठेवलं. अकरा ओळी, एका बैठकीत, एक खाडाखोड नाही.

१४ मार्च.

भिकूकाका मला न विचारता जॉबरशी बोलले. जॉबर म्हणाला, जाऊ दे की त्याला, बदलीवाले दारात उभेच आहेत. आठ दिवस रजा.

ऐकून ताटातली भाकरी तशीच ठेवली. आनंदाने तसं होतं.

१६ मार्च.

आईचं पत्र. खोलीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. बाबा रोज खुणा करून पडवीत बसवायला लावतात आणि वाटेकडे बघतात. तुझ्याशिवाय कोण हाय रे, मिळेल त्या बोटीने नीघ.

 उद्याच निघतो.

१७ मार्च, रविवार.

रविवारी बोटीला फार गर्दी असते.

१८ मार्च.

भिकूकाकांनी माझी वळकटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला धक्क्यावर आणून बोटीत बसवलं. बोट हलेपर्यंत काका हलले नाहीत. फार प्रेमळ माणूस.

१९ मार्च. महाड, दुपार.

धरमतरहून मोटरने आलो. पोलादपूरची मोटर समोरच उभी. एक जागा शिल्लक. शेजारी एक बाई उभी होती, तिला दिली. माणुसकी पाहिजे. बाई म्हणाली, मला कुठं जायचंय, मी लेकीला पोचवायला आलेय. तोवर मोटर सुटली.

संध्याकाळ. बिरवाडीला बयाआत्याकडे आलो. इतक्या जवळ येऊन आत्याला टाळणं बरं नाही. आत्या दारातच ओरडली, मेल्या, उद्या होळी आणि तू हितं काय करतोस? तुझ्या बापाच्या डोळ्यात जीव आलाय. पहाटे हाकलते बघ तुला.

२० मार्च, होळी.

सकाळी सात. घसा बसला. आत्याला तसं ओरडून सांगितलं. ती म्हणाली, आरडतोस तर चांगला.

बारा. पोलादपूर. इथून वाडी दीड तासाची चढण. गाऱ्हाणं सूर्य बुडताना. वेळ रग्गड आहे.

साडेतीन. अजून पोलादपूरच. सावलीत बसून चौथी ओळ लिहिली. सोमजाई.  लिहिता आलं म्हणजे म्हणता येणारच. बाकीची तीन लिहून निघतो.

पाच. निघालो.

सव्वासहा. खिंडीत आहे. खाली वाडी दिसते. ढोल चालू आहे. इथून पाव तासात सहाणेवर. जरा दम घेतो.

ढोल थांबला.

आई हाक मारते आहे. चांगू रे! परत मारली. तीनदा मारली. माणसांचा आवाज नाही. सगळे वाटेकडे बघत असतील. इथून ओ दिली असती तर ऐकू गेली असती, पण दम लागलेला.

व्हय म्हाराजा ऐकू आलं. कुणीतरी सुरू केलं.

२१ मार्च. घर.

काल अंधार पडल्यावर पोचलो. खिंडीत पाय मुरगळला, नाहीतर वेळेत होतो.

गाऱ्हाणं पांडूने घातलं. मान गेला. आई माझ्यावर रागावली नाही, भाकरी वाढली. म्हणाली, पांडू दोनदा अडला, दोन नावं गाळली, सोमजाई त्यातलीच. कुणाच्या ध्यानात पण आलं नाय. सगळ्यांना घरी जाऊन पोळी खायची घाई.

मी विचारलं, मग आपली कपिली? मी सोमजाईला गाळलं म्हणूनच ना? आई बघतच राहिली. म्हणाली, खुळ्या, ती तर दिवाळीत पडली. शिमग्याच्या आधी चार महिने. ठमा तुला चिडवायची रे!

 नंतर आईने विचारलं, मुरगळला तो पाय कोणता, तेल लावते. मी डावा पुढे केला. ती म्हणाली, लंगडत तर उजव्यानं आलास.

२३ मार्च.

आज पालखी आमच्या अंगणात आली. आता मान पांडूचा, म्हणून नारळ घेऊन पुढे तोच. प्रत्येक घरी घरधन्याने आपलं मागणं त्याला सांगायचं, ते त्याने देवीपुढे मोठ्याने घालायचं, अशी रीत. बाबांना पडवीत खांबाला टेकवून बसवलं होतं. आई ओटीचे तांदूळ आणायला आत गेलेली.

बाबांनी निम्म्या तोंडाने काहीतरी सांगितलं. पांडूला कळलं नाही. त्याने कान जवळ नेला. बाबांनी परत सांगितलं, घाम फुटेपर्यंत. तरी कळलं नाही.

मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. बाबा देवीला म्हणत होते, माझं पोर भितं गो आई, त्याला सांभाळ.

पांडू म्हणाला, दादा, काका काय म्हणतायत? तू सांग. ढोल थांबलेला होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी सांगितलं, आमच्या गाभण म्हशीचं म्हणतायत. सुखरूप व्याली पाहिजे.

पांडूने म्हशीसाठी गाऱ्हाणं घातलं. चांगलं घातलं. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मी पण म्हटलं, चांगलं मोठ्याने. बाबा माझ्याकडेच बघत होते.