घरबसल्या सीएनसी

३ जानेवारी
कारखान्यात सीएनसी येतंय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ. साहेबांनी दोन पर्याय दिले: इन्स्टिट्यूटमध्ये आठ आठवडे संध्याकाळचा वर्ग, नाहीतर घरी ऑनलाइन कोर्स. जो तयार होईल त्याच्या हाती मशीन. मी ऑनलाइन घेतलं. बावीस वर्षं लेथ चालवल्यावर बाकावर काय बसायचं? मेव्हणाही याच कारखान्यात, तो वर्गाला जाणार. त्याला पहिल्यापासून कुणीतरी बोट धरायला लागतं.

४ जानेवारी, पहाटे ५
संकल्प: रोज दोन तास. वहीला कव्हर घातलं. वेळ त्यातच गेला. पण पाया पक्का.

९ जानेवारी
पहिला व्हिडिओ. मास्तर फार सावकाश बोलतो. दुप्पट वेगावर टाकला. दाढी करता करता ऐकला. दोन ठिकाणी कापलं.

१७ जानेवारी
शोध लागला. व्हिडिओ नुसता चालू ठेवला तरी 'पूर्ण' अशी हिरवी खूण येते. आज अकरा धडे पूर्ण. तेवढ्यात आंघोळ, पेपर, आणि जरा आडवा झालो. सौ. तिथेच इस्त्री करत होती. म्हणाली, अहो, त्याचा वेग कमी करा, मला नीट कळत नाही. केला. बायकोचं मन मोडू नये.

२८ जानेवारी
मेव्हणा भेटला. हात ऑइलने काळे. म्हणतो, सर रोज मशीनवर उभं करतात, चुकलं की सगळ्यांदेखत परत करायला लावतात. कीव आली.

१० फेब्रुवारी
ऑनलाइन परीक्षा. चाळीस प्रश्न. मी मोठ्याने वाचत होतो, सौ. भाजी निवडताना उत्तरं सांगत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. क्लिक सगळे माझे. पंच्याण्णव टक्के. सर्टिफिकेट फ्रेम करायला टाकलं.

३ मार्च, दुपारी
मशीन सदोष आहे. बटण दाबताच टूल सरळ जाऊन चकवर आदळलं, म्हणजे कापायचा तुकडा पकडतात त्या जबड्यावर. सगळी शेड गोळा झाली. मेव्हण्याने धावत येऊन लाल बटण दाबलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

३ मार्च, संध्याकाळी
सौ.ला सांगितलं, कंपनीने भंगार आणलंय. तिने विचारलं, मोजायला कुठून सुरुवात करायची ते मशीनला सांगितलं होतं का? झिरो सेट? म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाली, धडा सातवा. मी जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

९ मार्च
मशीन मेव्हण्याकडे. मला पुढच्या बॅचला वर्गात बसायला सांगितलंय. साहेब म्हणाले, याला शिक्षा समजू नका. नाहीच समजत. मोठमोठे गवईसुद्धा रोज सा लावतात. हे सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, बरं झालं, बाहेरच्यांसाठी चार जागा होत्या, मीही नाव घातलंय.

१६ मार्च
वर्गाचा पहिला दिवस. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. तिथून सगळं नीट दिसतं. सौ. पहिल्या बाकावर. सरांनी विचारलं, आधी कुणी काही शिकलंय का? मी खाली वाकून पेन शोधत होतो. तिने हात वर केला. सरांनी तिलाच मशीनपाशी बोलावलं.
मला तिच्याकडे बघायचीही सोय नव्हती. दाराशीच बजावलं होतं तिने: अहो, आत ओळख दाखवू नका, मला शिकायचंय.