निळ्या बर्फातली रांग

१० जानेवारी १९१२
माझी लेक नेसा आणि मी डोंगरावरून खाली राहायला आलो. फ्लूरींच्या फोटोघरात वरची खोली मिळाली. चूल चांगली पेटते, खिडकीतून स्टेशन दिसतं, कपाटातली पुस्तकं वाचायची मुभा आहे. अजून काय पाहिजे?
रेल्वे कंपनीने फ्लूरींकडून हिवाळी प्रवासाची फिल्म काढून घेतली आहे, इंजिनाच्या तोंडाशी कॅमेरा बांधून. हॉटेलात ती बघून पाहुण्यांनी तिकिटं काढावीत, एवढ्यासाठी. बर्फाच्या दृश्यांची फिल्म निळ्या रंगात बुडवून काढतात. भिंगाखाली बायकांच्या शाली लाल करायच्या आणि दिवे पिवळे, हे माझं काम.

१२ जानेवारी
शेजारी मेंगा रंगवते. तिने विचारलं, उर्शलाबाई, तुमच्याकडे वर माणसं आणि बकऱ्या एकत्रच निजतात ना? मी म्हटलं, हो, पण बकऱ्या चहाड्या करत नाहीत. ती हसली नाही.

१६ जानेवारी
बोगद्यापुढच्या वळणावर बर्फात माणसांची रांग दिसते, मोहरीएवढी. मेंगा म्हणते, बर्फ उपसणारे मजूर. पण फावडी कुठे आहेत? माझा नवरा लुत्सी त्याच वळणावर फावड्यासकट गाडला गेला. शिवाय एवढ्या भुसभुशीत बर्फात शेवटच्याखेरीज एकाचंही पाऊल उमटलेलं नाही.
आमच्या डोंगरात मेलेल्यांची रांग दिसते. त्यातले सगळे गेलेले. फक्त शेवटचा अजून जिवंत असतो, पण पुढची पाळी त्याची.

२० जानेवारी
फिल्म हॉटेलातून दुरुस्तीला आली. रांग जवळ सरकली आहे. सर्वांत पुढे लुत्सी. दारात आलेल्या परक्याकडे बघावं तसा माझ्याकडे बघतोय.

२३ जानेवारी
फ्लूरी दुसरी फिल्म काढणार. त्या वळणावर खिडकीतून हात हलवायला हसरी मुलगी हवी. त्यांनी नेसाला निवडलं. सोमवारी गाडी.

२६ जानेवारी
रांगेतली शेवटची नेसा आहे. शालीला लुत्सीच्या कोटाचं ठिगळ, मीच लावलेलं.
फ्लूरींना दाखवलं. म्हणाले, फिल्मवरचा ओरखडा आहे, आणि वरच्या माणसांना कामाला ठेवू नये हेच खरं. नेसाला जाऊ नको म्हटलं. ती म्हणाली, आई, गाडीभर माणसं असतात, बर्फ मलाच शोधत येणार आहे का? आणि जन्मभर मी तुझ्याबरोबर काळे कपडे घालून बसू का?


२८ जानेवारी
शेवटचा जातो. मग शेवटची मी होईन.
सर्वांत बारीक कुंचला घेतला. त्या पट्टीतल्या प्रत्येक चित्रात नेसाच्या मागे मला काढलं. काळा झगा, चष्मा.

२९ जानेवारी
गाडी गेली. नेसाने खाली फलाटावरून हात हलवला. रंग वाळला आहे. मन शांत आहे. आता यायचं ते माझ्याकडे येईल.

दुपार
स्टेशनची घंटा थांबत नाही. मेंगा वर आली. टोमणा नाही. खांद्यावर हात ठेवून उभी—

भिंग लावलं. रांग अगदी समोर. लुत्सीने नेसाचा हात धरलाय. तिच्या पायांखाली आता पाऊल उमटत नाही—

शेवटचा तेवढा जिवंत. शेवटची मी. मीच काढलेली. म्हणजे माझ्या पुढे जी उभी आहे ती—