बाबांच्या तोंडचा शब्द

४ जानेवारी

चि. बेबीस, अ. उ. आ.

पन्नाशी उलटलेल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला बेबी म्हणणं बरं दिसत नाही, पण घरात दुसरं नाव रुळलंच नाही.

मेंदूच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात आता बराच हलतो. वाचा मात्र जिथल्या तिथे. पाणी हवं असलं की खिडकी म्हणतात आणि स्वतःवरच चिडतात. ते अडले की मी शब्द पुरवतो. जन्मभर संस्कृत शिकवल्यावर अडलेल्याला पुढचं पद सांगायची खोड हाडीमाशी खिळली आहे. परवा वाचा-उपचाराच्या बाईंनी मला व्हरांड्यात नेलं आणि शांतपणे सांगितलं की हा इंटरफेरन्स आहे, म्हणजे लुडबुड. शब्द तुम्ही दिलात की ते शोधायचं सोडतात. पहिले काही महिनेच मोलाचे, आणि ते बोलायचा प्रयत्नच कमी करू लागलेत. मी म्हटलं, आमच्या घरी ह्याला मदत म्हणतात. त्या हसल्या नाहीत.

तो शब्द तुझ्या प्रयोगशाळेतला ना? तिथे त्याचा अर्थ जरा सभ्य असेल तर कळव. मी बाबांच्या खोलीतून उठावं का, हेही कळव.

लोभ आटू देऊ नये.
तुझा दादा

१३ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

आमच्याकडे तो शब्द कोणाला दोष देत नाही. दोन प्रकाश एका पडद्यावर आले की काही ठिकाणी उजेड वाढतो, काही ठिकाणी चक्क अंधार पडतो. प्रकाश दोन्ही चांगलेच. लाटांचे चढउतार जुळत नाहीत, इतकंच. जनुकांवर काम करणारी माझी मैत्रीण म्हणते, त्यांच्याकडे ह्याच शब्दाचा अर्थ असा की गुणसूत्रांत एका जागी अदलाबदल झाली की लगतच दुसरी सहसा होत नाही. मनाचा अभ्यास करणारे म्हणतात, आधी बसलेलं नवं बसू देत नाही. हवा तो अर्थ निवड. बाबांच्या आधी तुझा शब्द पोचतो, हे काही बदलत नाही.

रागावू नकोस. लहानपणी माझीही वाक्यं तूच पुरी करायचास. तुला येत नाहीत असे काही शब्द माझ्याजवळ असावेत, म्हणून मी ह्या विषयाकडे वळले. खोलीतून उठू नकोस. नुसता थांब.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
बेबी

२ फेब्रुवारी

चि. बेबीस, अ. उ. आ.

रागावलो होतो. आता नाही. तुमच्या इंटरफेरन्सला पुस्तकात व्यतिकरण म्हणतात, आणि संस्कृतात व्यतिकर म्हणजे मिसळणंही आणि संकटही, हे बाईंना ऐकवलं. त्यांनी मला ओठ मिटून बसायला सांगितलं.

दुपारी औषध झालं की बाबा बोट डोळ्यांपाशी नेतात आणि मग हवेत हलवतात. मी दर वेळी त्यांचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवायचो, आणि ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. थकले असतील, असं मी धरून चाललो होतो. काल बोट वर आलं तेव्हा मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. शब्द माझ्या जिभेवर होता. त्यांच्या ओठांची ती ओढाताण बघवत नव्हती. आधी खिडकी आली, मग पाणी. शेवटी शब्द एकेक करून आले. तुझा. काढ. झोप.

बोट माझ्या चष्म्याकडे होतं, बेबी. इतके दिवस.

चष्मा काढून मी त्यांच्या पायाशी आडवा झालो. झोप आली नाही, पण डोळे मिटून ठेवले. ते बघत होते.

तुझी माया राहू दे.
दादा