जेवणाच्या टेबलावरील माझ्या जागेबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक महोदया,
उल्हास-काळू नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित,
ठाणे शाखा, खोपट, ठाणे (पश्चिम).

अर्जदार : कु. कांता देवराम भालेराव, वरिष्ठ लिपिक, कर्ज विभाग. राहणार कोळसेवाडी, कल्याण (पूर्व).

विषय : आजारपणात मला दिलेल्या सर्व सवलती काढून घेऊन जेवणाच्या टेबलावर पूर्वीच्या जागी बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) रुग्णालयातील डॉक्टरांचे पत्र (सोबत जोडले आहे). २) गेल्या महिन्यात जिन्यात थांबवून आपण केलेली माझी विचारपूस.

महोदया,

आपल्याकडे अर्ज येतात ते काहीतरी मिळावे म्हणून. मी मिळालेले परत घ्यावे म्हणून लिहीत आहे, तेव्हा अर्जाचा नमुना चुकला असल्यास क्षमा असावी.

१. मला हेपॅटायटिस सी झाला आहे, हे शाखेत सर्वांना ठाऊक आहे, कारण मीच सांगितले. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी जेवताना सांगितले. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे तेव्हा वाटले नाही. रोज एक गोळी, बारा आठवडे. त्यातले निम्म्याहून अधिक झाले. त्रास म्हणाल तर डोके दुखते, आणि दुपारनंतर अंगातले बळ कोणी काढून घेतल्यासारखे होते. तरीही कर्जाची एकही फाईल मागे राहिलेली नाही. आपण केव्हाही पाहावे.

२. त्यानंतर मला पुढीलप्रमाणे सवलती मिळाल्या. माझे टेबल रेकॉर्ड रूमशेजारच्या खिडकीजवळ हलवले गेले. तिथे हवा चांगली येते असे सांगण्यात आले, आणि हवा येते हे खरे आहे. माझ्या कपाच्या कानाला लाल नेलपॉलिश लावले गेले. अंगठ्याच्या यंत्रातून मला सूट मिळाली व सहीसाठी वेगळा हजेरीपट आला, ज्यात माझ्या एकटीचेच नाव आहे. यंत्रापुढे सकाळी रांग असायची, रांगेत चार शब्द व्हायचे. आता मी सही करते आणि पेनाचे टोपण लावते. वाढदिवसाच्या केकचा तुकडा मला जागेवर पोचवला जातो, कागदी बशीत, वर दुसरी कागदी बशी झाकून.

३. आमचे रोखपाल श्री. त्र्यंबक ओक यांची समजूत अशी झाली की ही कावीळच आहे. मनाने ते चांगले आहेत. रविवारी मुद्दाम मुरबाडच्या बाजूला जाऊन त्यांनी काविळीची माळ आणली, टेबलाच्या कडेवर ठेवली, दोन पावले मागे सरकले आणि म्हणाले, "कांताताई, डोक्यावर ठेवा, मग बघा कशी उतरते ते." ती माळ मी डोक्यावर ठेवली नाही. पण फेकलीही नाही, कारण त्या आठवड्यात कोणी माझ्यासाठी आणलेले तेवढेच होते.

४. डॉक्टरांनी लिहून दिले आहे की एकत्र जेवल्याने, एका कपातून प्यायल्याने किंवा हात लावल्याने हा आजार होत नाही. तो रक्तातून लागतो. म्हणून दाढीचे पाते, दातांचा ब्रश आणि नेलकटर इतरांशी वाटून घेऊ नयेत. आपल्या शाखेत यांपैकी काहीही वाटून घेण्याची पद्धत नाही. वाटून घेतो ती भाजी. हे पत्र मी फलकावर लावले. सर्वांनी वाचले. "आम्हाला कळतंय हो कांताताई, आमचं काही नाही, पण घरी लहान मुलं आहेत ना," असे उत्तर मिळाले. ज्यांना मुले नाहीत त्यांनीही हेच दिले.

५. आता मूळ तक्रारीकडे येते. सौ. देवयानी खरे आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो. तेव्हापासून त्या माझा डबा मला न विचारता उघडत. मी हात धुऊन येईपर्यंत अर्धी भाजी गेलेली असे आणि मी रोज तक्रार करी. ती तक्रार मी या अर्जान्वये मागे घेत आहे. हल्ली त्या रेकॉर्ड रूमच्या दारापर्यंत येतात, "जेवलीस ना गं?" विचारतात आणि मी हो म्हटले की जातात. माझ्या हाताला मात्र दोघींचेच माप बसले आहे. उरलेली भाजी मी कल्याणला परत नेते आणि तीच रात्री गरम करून खाते. यात नासाडी काही होत नाही, हे नमूद करते.

६. खुणेच्या कपाबद्दल एक बाब नोंदवणे भाग आहे. माझ्या वडिलांच्या गावी, हॉटेलच्या बाहेरच्या खिळ्याला, आमच्या लोकांसाठी कप वेगळा टांगलेला असे. प्यायचा, विसळायचा, परत टांगायचा. वडील गाव सोडून कल्याणला आले ते पोटासाठी, असे सगळे समजतात. ते त्या कपासाठी आले. कार्यालयाचा तसा हेतू नाही याची मला खात्री आहे. पण दुपारी माझा लाल खुणेचा कप विसळताना माझा हात थांबतो, आणि मला राग येतो. तो कोणावर काढावा हे कळत नाही, कारण सगळेच माझ्याशी फार प्रेमाने बोलतात.

७. पगारी रजेवर घरी बसावे, असे आपण जिन्यात सुचवलेत. आपले उपकार आहेत. परंतु आई गेल्यापासून घरी मी एकटी आहे. शनिवारी संध्याकाळी ऑफिस सुटले की सोमवारी सकाळपर्यंत माझ्याशी रिक्षावाला सोडून कोणी बोलत नाही. आजार मला सहन होतो. मला एकटे जेवणे सहन होत नाही.

८. गोळ्या संपून तपासणी झाली की सगळे पूर्ववत होईल, असे सर्वजण म्हणतात. रिपोर्ट चांगला येईल असे डॉक्टरांनाही वाटते. पण तेव्हा मला टेबलावर घेतले, तर ते रिपोर्टला घेतल्यासारखे होईल. मला आत्ता बसायचे आहे, आजारी असताना.

९. माझे टेबल हलवण्याचा लेखी आदेश आहे का, अशी मी आस्थापनेकडे चौकशी केली. असा आदेश नाही, सबब रद्द करण्यासारखेही काही नाही, असे कळले. तरी आपण प्रथम मला वेगळे बसवण्याचा आदेश काढावा आणि त्याच दिवशी दुसऱ्या आदेशाने तो रद्द करावा. तसेच, नियमात बसत असल्यास, सौ. देवयानी खरे यांना माझा डबा न विचारता उघडण्याबाबत लेखी सूचना द्यावी. मी कोणतीही हरकत घेणार नाही, असे हमीपत्र देण्यास तयार आहे.

१०. वरील परिच्छेद मी पुन्हा वाचला. घास खाण्याचा आदेश काढता येत नाही, हे मलाही समजते. म्हणून विनंती एवढीच, की आज जेवणाच्या सुट्टीत आपण स्वतः, सर्वांसमक्ष, त्या टेबलावर बसून सोबतच्या सहपत्र क्र. २ मधून जेवावे. मी बोलावल्याशिवाय येणार नाही. खिडकीजवळच बसून राहीन.

आपली विश्वासू कर्मचारी,

(सही)
कांता देवराम भालेराव
ठाणे, दि. १८ फेब्रुवारी २०२५

सहपत्रे :
१) डॉक्टरांचे पत्र, एक प्रत.
२) स्टीलचा डबा, एक. वांग्याचे भरीत, ज्वारीच्या भाकऱ्या, लसणाची चटणी. भरीत दोघींचे आहे.

टीप : या अर्जाची लेखी पोच नको. डबा रिकामा परत आला की मिळाली असे समजेन.