पंचमावर थांबलेली पेटी

मेहकर,
रविवार, ३ जानेवारी १९६५

माझ्या आत्याला तिच्या वच्छीचा वाकून नमस्कार.

मी इथे मजेत आहे. थंडी चांगलीच पडली आहे, जेवण वेळेवर होतं, आणि तू विचारण्याआधीच सांगते, केसांना तेलही लावते. मोताळ्याला हुरड्याला यायचं ठरवून आले नाही म्हणून रागावू नकोस. यायला न जमण्याचं कारण ह्याच पत्रात आहे. हे पत्र नेहमीसारखं शालिग्रामदादाकडूनच वाचून घे. तुमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या माणसाला निम्मं पत्र आवडेलच. फक्त मी सांगेन तिथे ते त्याच्या हातून काढून घे.

आमच्या शाळेत एक नवी पेटी आली आहे. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या बाईंनी जाताना दिली. तिला अकॉर्डियन म्हणतात. लाल रंगाची, छातीवर पट्ट्यांनी बांधायची, मध्ये भाता. उजव्या हाताला आपल्या हार्मोनियमसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, त्या मला येतात. डाव्या हाताला मात्र नुसती बटणं, ओळीने. मी सा शोधला आणि रे साठी शेजारचं बटण दाबलं, तर निघाला प! त्याच्या शेजारी रे, रे च्या शेजारी ध. सा च्या खालच्या बाजूला म. आमच्या हेडबाई अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "कोणीतरी दुरुस्त करताना घोळ केलेला दिसतो. मोडकी वस्तू शाळेला दिली!"

मग दुरुस्तीसाठी इंद्रभान आले. त्यांच्या घरचा भाजीचा मळा आहे, लग्नसराईत ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, आणि गावातल्या सगळ्या हार्मोनियम त्यांच्याच हाताखालून जातात. त्यांनी बटणं दाबून पाहिली आणि हसायलाच लागले.

"बाई, या बटनायची तं पार खिचडी झाली. मी सारं काढतो अन् सारेगम लावून देतो. फिकर नका करू."

मागचं झाकण काढलं तर आत बटणांना जोडलेल्या काड्याच काड्या. त्या बाहेर ओढायला ते चिमटा घेऊन बसले, आणि मी उगाच एक-एक बटण दाबत होते. सा, मग त्याच्या खालचा म. पुन्हा सा, पुन्हा म. आणि आत्या, मला एकदम तू ऐकू आलीस!

आठवतं ना, भजनात पुरुषांचं कडवं झालं की तू शालिग्रामदादाला कोपर मारतेस? तुम्हा बायकांना तो सूर फार खाली पडतो. मग दादा त्यांचा म हाच तुमचा सा धरतो आणि तुम्ही मोकळ्या गळ्याने उचलता. परत पुरुषांकडे जायचं तेव्हा तुमचा प तो त्यांचा सा. हे मी लहानपणापासून ऐकते आहे. ही बटणं तशीच लावली आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला त्याचा म, दुसऱ्या बाजूला त्याचा प, म्हणजे ज्यांचं एकमेकांशी पटतं ते शेजारी.

"थांबा!" मी ओरडलेच. "काही बिघडलेलं नाही."

"असं कसं म्हन्ता बाई?" म्हणत त्यांनी चिमटा खाली ठेवला. मी तुझं भजन म्हणून दाखवलं आणि बटणं दाबली. ते म्हणाले, "बापरे, मी तं आता सत्यानाशच करून राह्यलो होतो."

दादाला सांग, गंमत पुढेच आहे. म चा म, त्याचा म, असं करत गेलं तर बाराही सूर घेऊन शेवटी आपण सा वरच येतो. मी वर्गात खडूने मोठं वर्तुळ काढलं, त्यावर बारा मुली उभ्या केल्या, एकेकीला एकेक सूर दिला. मुली गोल फिरून दमल्या, पण खेळ सोडेनात. आणि दुसऱ्या ओळीतलं बटण दाबलं की एकाच बोटाने तीन सूर एकदम वाजतात. गाण्याखाली असे सूर कुठले घालायचे, ते हे वर्तुळच सांगतं. लांब ध पर्यंत जायचं आणि मग एकेक घर खाली उतरायचं. ध, रे, प आणि सा. ऐकणाऱ्याला आपोआप घरी आल्यासारखं वाटतं.

आता पत्र दादाच्या हातून घे. अक्षरं जुळवत सावकाश वाच, पण स्वतः वाच.

पेटीच्या झाकणाचे पेच एकदाच कसायचे होते. इंद्रभान ते कसायला दर रविवारी येतात. हेडबाई हसतात. मी पण हसते. हुरड्याला आले नाही, कारण तोही रविवारच होता. आत्या, मला ते फार आवडतात. त्यांना मी आवडते. मागच्या रविवारी ते पेचाकडे बघत म्हणाले, "मी मळेवाला मानूस, त्यात बँडवाला. तुमच्या आत्याले चालन का?" मी म्हटलं, विचारते. आणि विचारायला आठ दिवस लावले, कारण नांदुऱ्याच्या पाहुण्यांना महिनाअखेरीला मला बघायला बोलवायचं तुझ्या मनात आहे. बाबा गेल्यापासून माझं सगळं तूच केलंस. तुला न विचारता मी काही करणार नाही, पण त्या पाहुण्यांसमोर बसायची माझी अजिबात इच्छा नाही. त्यांना बोलावू नकोस ना!

परवा शाळेच्या कार्यक्रमाच्या तालमीत एक झालं. गाण्याच्या शेवटी ध, रे, प आला, आणि दारात इंद्रभान दिसले. माझा हात प वरच राहिला. गाणं संपल्याशिवाय खाली बसायचं नाही असा त्या बारा मुलींना नियम, त्या बिचाऱ्या ताटकळल्या. शेवटी धिटुकली सोजरा ओरडली, "बाई, संपवा ना! बसू काऊन देत नाही?"

सव्वीस जानेवारीला आमचा कार्यक्रम आहे. तू एसटीने आदल्या दिवशीच ये. इंद्रभानना भेट, मळा बघ, काय विचारायचं ते विचार. दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत बस. भजनात सूर तूच धरून देतेस, तसाच इथेही दे. गाण्याच्या शेवटी मी प वर थांबेन आणि तुझ्याकडे बघेन. तू मान हलवलीस की सा दाबेन. नाही हलवलीस तर बारा पोरी सगळ्या गावासमोर उभ्याच राहतील, आणि त्यांचे पाय दुखल्याचं पाप तुला लागेल.

प वर बोट धरून तुझ्या वाटेकडे बघत बसलेली,
तुझीच
वच्छी