सव्वा वाजताची रेंज

४ जानेवारी २०१०, सोमवार
कंपनीचं पत्र आलं. एक एप्रिलपासून रोजचा रिपोर्ट रोज, जिथे असू त्या गावाहून, ई-मेलनं पाठवायचा. लॅपटॉप कंपनी देणार, इंटरनेट ज्याचं त्यानं निवडायचं. बाकीचे प्रतिनिधी दुकानात जाऊन समोर येईल ते डेटा कार्ड उचलतील. मी तसं करणार नाही. सत्तावीस वर्षं गुरांची औषधं घेऊन भोपाळहून सीहोर, आष्टा, विदिशा, इटारसी, बैतूल करतोय. शास्त्रशुद्ध चाचणी घेणार. तीन कंपन्या, पाच गावं, तीन महिने. कुणावर अन्याय नको म्हणून कंपन्यांची नावं इथेही लिहीत नाही. क, ख आणि ग.
तक्ता आखायला घेतला. हे काम माझ्या बायकोचं, रजनीचं. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तिची तीस वर्षं गेली, पट्टी न लावता सरळ रेघ मारायची. ऑगस्टमध्ये गेली. माझ्या रेघा तिरक्या आल्या, पण चालेल.

५ जानेवारी, मंगळवार. सीहोर
पद्धत ठरली. दुपारी सव्वा वाजता त्या दिवसाच्या कंपनीचं सिम मोबाइलमध्ये घालायचं आणि घरी, कारखान्याच्या क्वार्टरच्या लँडलाइनला फोन लावायचा. दोन घंट्या झाल्या की ठेवायचा. घंटी गेली म्हणजे रेंज आहे. रेंज आहे म्हणजे इंटरनेट आहे.
घरचाच नंबर का? पाठ आहे म्हणून. दोनच घंट्या का? सवय. एसटीडी बूथच्या काळापासून आमचं ठरलेलं होतं. दोन घंट्या म्हणजे पोचलो. तीन म्हणजे आज मुक्काम, वाट बघू नको. उचलायचा नाही, उचलला की मीटर पळतो. रजनी एकच्या भोंग्याला लूनावरून घरी यायची आणि फोनसमोर बसून जेवायची. पुढे दोघांकडे मोबाइल आले तरी आम्ही हेच चालू ठेवलं. इतक्या वर्षांत तिनं एकदाही उचलला नाही.
आजही कुणी उचलला नाही. सगळं व्यवस्थित. क कंपनी सीहोरला उत्तम.

११ जानेवारी, सोमवार
कारखान्याच्या इस्टेट ऑफिसचं पत्र. क्वार्टर रजनीच्या नावावर, त्यामुळे ३१ मार्चपर्यंत रिकामं करावं. भाषा सभ्य आहे. मुदत पुरेशी आहे. पण नवं घर कोलार रोडला घ्यायचं की इथेच सोनागिरीत, हे त्या भागात कुठल्या कंपनीचं इंटरनेट चालतं यावर अवलंबून. म्हणजे आधी इंटरनेट, मग घर. घाई केली तर दोन्ही चुकतील.

१९ जानेवारी, मंगळवार. आष्टा
क: दोन घंट्या, स्पष्ट. उत्तीर्ण.
काल पिपलानीतल्या दुकानात चौकशीला गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंना पद्धत समजावली. त्या म्हणाल्या, अंकल, डेटा कार्ड में घंटी का क्या काम, मेल खोलके देखिए ना. आणि नवं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी बैतूलला गेला आहात का. नव्हत्या गेल्या. असो. फिरतीचा अनुभव नसला की माणूस असं बोलतो.

२८ जानेवारी, गुरुवार
शेजारच्या मंदाकिनीवहिनी फाटकापाशी उभ्या होत्या. आमच्या दोन क्वार्टरांच्या मध्ये एकच भिंत, त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली तर आमच्याकडे मोजता येते. वहिनी मूळच्या नागपूरच्या, सरळ बोलणाऱ्या. आज मात्र चाचरत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या घरात रोज दुपारी फोन वाजतो. सव्वाला. दोनदा वाजतो अन् बंद पडतो.
मला धक्काच बसला. दुपारी घराला कुलूप असतं. मी विचारलं, कोण करत असेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मला काय ठाऊक, तुम्हीच सांगा.
कुणाचा तरी राँग नंबर असणार. त्यांना तसं सांगितलं.

३१ जानेवारी, रविवार
मुद्दाम घरी थांबलो. एकचा भोंगा झाला. रविवारीही होतो. पानात वरणभात घेऊन फोनसमोर बसलो. सव्वा झाला. दीड झाला. फोन वाजला नाही. वहिनींची काहीतरी चूक होतेय. किंवा जो कोण आहे त्याला रविवारची सुट्टी असावी.
भात गार झाला. फोनसमोरची खुर्ची तिची, एरवी मी तिथे बसत नाही. उठताना तिच्या चपला पायात आल्या. त्या आत कपाटात ठेवायच्या आहेत. पुढच्या रविवारी.

९ फेब्रुवारी, मंगळवार. विदिशा
ख: दोन घंट्या. उत्तीर्ण.
आतापर्यंत तिन्ही कंपन्या सगळीकडे उत्तीर्ण. अशा निकालावरून निवड करता येत नाही. चाचणी आणखी काटेकोर करायला हवी. उद्यापासून दोन घंट्यांमधली शांतताही ऐकणार. त्या शांततेत काहीतरी आहे. पलीकडे खोली असल्यासारखं वाटतं, पंखा चालू असल्यासारखं.
(पंखा घरून निघताना बंद करतो. उद्या बघून निघायचं.)

१० फेब्रुवारी, बुधवार
बघून निघालो. बंद होता.

१७ फेब्रुवारी, बुधवार
वहिनींचे यजमान बाळकृष्णराव कारखान्यात फाउंड्रीत आहेत. आज मला थांबवून म्हणाले, क्वार्टरांच्या लाइनीत चर्चा आहे. आपली मंडळी एकच्या भोंग्याला घरी येतात ना, त्यातले काही म्हणतात की रजनीताई अजून जेवायला येतात. फोन त्यांच्यासाठीच वाजतो. मागच्या ब्लॉकमधल्या शारदाबाईंनी दुपारी आमच्या क्वार्टरवरून जाणंच सोडलंय, मैदानाला वळसा घालून जातात. बाळकृष्णराव म्हणाले, हवं तर शांती करून घ्या, अपने पंडितजी हैं.
टर्बाइन बनवणारी माणसं आणि हे विचार. मी चांगलाच चिडलो. रजनी कुणाला भीती घालणाऱ्यातली नव्हती.
पण येत असेल तर कुठल्या भांड्यात जेवते? घरी आल्यावर मांडणी पाहिली. सगळी ताटं जागच्या जागी. जरा वाईट वाटलं, का ते सांगता येत नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार
लॅपटॉप आला. प्लास्टिक काढलं नाही, धूळ बसते. आमचे एरिया मॅनेजर वैद्यसाहेब इंदूरहून फोनवर म्हणाले, सगळ्यांनी कार्डं घेऊन महिना झाला, बैतूलच्या पलीकडून तो नवा पोरगेलासा प्रतिनिधीसुद्धा मेल पाठवतो, तुमचंच काय अडलंय. मी म्हटलं, अभ्यास चालू आहे. ते म्हणाले, एक एप्रिलला अभ्यास नको, रिपोर्ट हवा. नाहीतर भोपाळ विभाग दुसऱ्याला देतो.
त्यांना निष्कर्षांची प्रत पाठवीन, मग कळेल.

२ मार्च, मंगळवार. इटारसी
होळीच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. सव्वाला फोन लावला. तीन दिवस चाचणीत खंड पडला होता. तिला वाटलं असेल, पोचला की नाही.
हे वाक्य खोडायला हवं. तिला म्हणजे लाइनला.
ग: दोन घंट्या. उत्तीर्ण.

१६ मार्च, मंगळवार. गुढीपाडवा
वहिनींनी श्रीखंड दिलं. आणि स्पष्टच म्हणाल्या, भाऊजी, किल्ली द्या. मी सव्वाला तुमच्या घरात बसते. फोन आला की उचलते आणि जो कोण आहे त्याला विचारते की बाबा, तुझं म्हणणं काय. लाइनीतल्या बायकांची भीती तरी जाईल.
नाही म्हणायला काही कारण सापडेना. मी तर स्वतःच म्हणत होतो की राँग नंबर आहे. किल्ली दिली.
उद्या विदिशा. चाचणी ठरल्याप्रमाणेच होईल. एका राँग नंबरसाठी वेळापत्रक बदलायचं नाही.

१७ मार्च, बुधवार. विदिशा
सव्वाला लावला. पहिली घंटी अर्धी गेली आणि उचलला गेला. बाईचा आवाज. हॅलो.
मी फोन कापला.
बराच वेळ सरकारी गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. डॉक्टरांनी पाणी दिलं. विचारलं, काही वाईट बातमी का. म्हटलं, नाही, रेंज गेली.
तक्त्यात नोंद: ग कंपनी विदिशाला बाद. संपर्क मध्येच तुटतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वहिनींनी किल्ली परत दिली. म्हणाल्या, कोणी पुरुष होता. बोलला नाही. श्वास ऐकू आला नि ठेवला. मी म्हटलं, बघा, राँग नंबर. त्या हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही आज कुठे होतात. विदिशाला, म्हटलं. नीट पोचला होतात? हो, म्हटलं. भाजी दिली.
त्यांनी उचलायला नको होता. इतक्या वर्षांत कुणी उचलला नव्हता. कुणी उचलत नाही म्हणजे घरी आहे, जेवतेय, सगळं ठीक आहे, असाच त्याचा अर्थ होता. त्यांना काय माहीत. पण मला त्यांचा फार राग आला.

२५ मार्च, गुरुवार
इस्टेट ऑफिसात गेलो. मुदत वाढवून मागितली. कारण विचारलं. इंटरनेटची निवड पूर्ण झालेली नाही, म्हटलं. तिथल्या मंगलाबाई रजनीला ओळखणाऱ्या. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, काकाजी, क्वार्टर पुढच्या माणसाच्या नावे निघालंय, आता काही होणार नाही. विजेचं आणि फोनचं ना-हरकत आणा. त्यांनीच फोन कापण्याचा अर्ज काढून दिला. कारण या रकान्यात काय लिहू, विचारलं. काहीही लिहा, म्हणाल्या.
वापर नाही, असं लिहिलं. आयुष्यात एवढं खोटं लिहिलं नव्हतं.

३१ मार्च, बुधवार
किल्ल्या दिल्या. कोलार रोडला दोन खोल्या घेतल्या आहेत, घाईत. तिथे कुठली रेंज येते पाहायचं राहिलं. लूना बाळकृष्णरावांकडे ठेवली. चपला माझ्या बॅगेत आहेत. फोनचं उपकरण परत केलं, पावती मिळाली. डबा बांधताना वहिनी म्हणाल्या, काही लागलं तर फोन करा. करीन, म्हटलं.
उद्यापासून ई-मेल. आज डेटा कार्ड घ्यायला दुकानात जाणार होतो. ट्रकमध्ये सामान लावण्यात दिवस गेला. उद्या इटारसीलाच घेईन, तिथे दुकानं भरपूर.

१ एप्रिल, गुरुवार. इटारसी
एकचा भोंगा इथे ऐकू येत नाही. घड्याळ बघून सव्वाला लावला. ग कंपनी.
एकही घंटी गेली नाही. एक बाई म्हणाल्या, हा नंबर अस्तित्वात नाही. आधी हिंदीत, मग इंग्रजीत. इतका स्वच्छ आवाज तीन महिन्यांत आला नव्हता. सिम बदलून क वरून लावला. मग ख वरून. तिन्ही कंपन्यांचं एकमत झालं.
स्टँडवरच्या बाकावर बसून रडलो. बैतूलची बस निघून गेली.
मग वहिनींना फोन लावला. त्यांना सांगितलं की दुपारचा तो फोन माझा होता. रोजचा. त्या दिवशी श्वास घेऊन ठेवला तोही मीच.
त्या म्हणाल्या, माहीत आहे भाऊजी. तुमच्या दोन घंट्या मी भिंतीपलीकडून वीस वर्षं ऐकल्यात. जानेवारीत पहिल्याच दिवशी ह्यांना म्हटलं, भाऊजी पोचले वाटतं. आणि मग आठवलं, नि आम्ही दोघंही जेवलो नाही. रोज वाटायचं तुम्ही आपणहून बोलाल. नाही बोललात म्हणून त्या दिवशी जाऊन उचलला. म्हटलं, मी हॅलो म्हटलं तर काहीतरी बोलाल.
मी काय बोलणार होतो? पोचलो, एवढंच. तेही त्यांना सांगितलं. त्या ऐकत होत्या. वैद्यसाहेबांचा फोन मध्ये दोनदा येऊन गेला.
तीन महिन्यांच्या चाचणीचा निष्कर्ष तक्त्याखाली लिहून ठेवला. तिन्ही कंपन्यांची रेंज पाचही गावांत चांगली आहे. रजनी घरी नाही.
डेटा कार्ड घेतलं नाही. आजचा रिपोर्ट राहिला.